निरसं दूध

चंद्री म्हैस होळीच्या सुमारास आटली आणि भुरीचं दूध निम्म्यावर आलं. तरी फकिराच्या मोटारसायकलला लटकणाऱ्या दोन्ही किटल्या रोज सकाळी गळ्यापर्यंत भरूनच पडेगावला जात होत्या.

घरात याविषयी कोणी बोलत नव्हतं. घरात माणसं तरी किती? फकिरा आणि लक्ष्मीबाई. लेकी दोन्ही नांदायला गेलेल्या. बोरवाडी दौलताबादच्या रस्त्यापासून आत, माळावर वसलेली. पूर्वी त्या माळावर म्हशी दिवसभर चरून यायच्या. आता तिथं प्लॉटिंगचे दगड रोवले होते आणि उरलेल्या जागेत गवताची काडी नव्हती. कन्नडकडून ट्रॅक्टर भरून उसाचे वाढे यायचे, तेही यंदा कारखान्याचा हंगाम लवकर आटोपल्यानं थांबले. कडबा होता. पण नुसत्या कडब्यावर म्हैस जगते, दूध देत नाही.

पहाटे धारा फकिरा काढायचा. चरवी लक्ष्मीबाईच्या हाती द्यायचा आणि मोटारसायकल पुसायला बाहेर जायचा. मोटारसायकल रोज पुसण्याइतकी मळत नव्हती. तो बाहेर गेला की लक्ष्मीबाई दूध फडक्यानं किटल्यांत गाळायची, हौदावर जाऊन तांब्या भरून आणायची, बोटं त्यात बुडवायची आणि चार थेंब दुधावर शिंपडायची.

निरसं दूध घराबाहेर द्यायचं नाही, ही सासूची शिकवण. निरसं म्हणजे धारेचं, ज्यात काहीच मिसळलेलं नाही असं. तसं दूध परक्याच्या हाती गेलं, त्याच्यावर कुणाची नजर पडली, की म्हशीची कास सुजते, सड चिरतात, एखाद्या वेळी धारेतून रक्त येतं. लक्ष्मीबाई नवी नवरी होती तेव्हा सासूनं तिचं मनगट धरून तिची बोटं पाण्यात बुडवली होती. "पुरुषानं नाय घालायचं, घरच्या बाईनं घालायचं," सासू म्हणाली होती. "म्हैस बाईची आसती."

त्या थेंबांचं पुढं काय झालं, ते लक्ष्मीबाईला नीट आठवत होतं आणि आठवावंसं वाटत नव्हतं. थेंबांची ओंजळ झाली ती एका उन्हाळ्यात, घरात पाहुणे होते आणि चहापुरतं दूध मागं ठेवायचं होतं तेव्हा. ओंजळीचा पेला झाला सासूच्या दुखण्यात. पेल्याचा तांब्या झाला, चंद्री फळली नाही त्या वर्षी. दरवेळी ती आधी बोटं बुडवून थेंब शिंपडायची आणि मगच तांब्या किटलीत रिकामा करायची. थेंब शिंपडले की पुढचं ओतणंही त्याच रिवाजातलं वाटायचं. यंदा एका किटलीला दोन तांबे लागत होते. कधी त्याहून जास्त.

गावात डेअरी होती. तिथं मशीन होतं, फॅट लागायचं, डिग्री लागायची, पाणी घातलेलं दूध तिथल्या तिथं परत यायचं. म्हणून तर फकिरानं डेअरी कधी धरली नाही. रतिबाला मशीन लागत नव्हतं. पडेगावच्या कॉलनीत पहिली घरं झाली तेव्हापासून तो तिथं दूध घालत होता. तिथल्या बायांकडं भांडं होतं आणि फकिराचा शब्द होता, एवढ्यावर सगळं चाललं होतं.

त्या सोमवारी फकिरा कॉलनीवरून आला तो हसतच आला.

"ऐकलं का," रिकाम्या किटल्या उतरवता उतरवता तो म्हणाला, "कॉलनीत नवं सोंग आलंय."

"कशाचं?"

"बाटलीतल्या दुधाचं. काचंच्या बाटल्या. फोनवर बटन दाबलं का सकाळी दारात हजर. गेटवर एक पोरगं टेबल टाकून बसलंय, ऋतुराज म्हून. त्याच्यापुढं रेडिओएवढी डबी. नळी दुधात बुडवली का आकडे दिसत्यात. फॅट किती, पाणी किती, समदं."

लक्ष्मीबाईनं किटली घासायला घेतली होती. राख लावलेला हात किटलीत कोपरापर्यंत गेलेला. तो तिथंच राहिला.

"आपल्या दुधाला लावली का नळी?"

"आज नाय. येत्या रविवारी. साऱ्या दूधवाल्यायला बोलावलंय. पोराचा डाव हाये, दुसरं काय? रतिबाचं दूध पातळ दाखवायचं आन् आपल्या बाटल्या खपवायच्या. आपला बन्सी तर तिथंच घाम पुसाया लागला." फकिरा बाजेवर बसला आणि मांडीवर थाप मारून म्हणाला, "म्या म्हनलं, पोरा, भ्यायचं काय त्याच्यात? माहं पहिलं घाल. भर गेटवर म्हनलं."

"कामून म्हनलात आसं?"

"कामून म्हंजी? माह्या हातानं म्या कधी एक थेंब पाणी घातलं नाय. सांग, घातलंय का?"

ते खरं होतं. त्याच्या हातानं कधीच घातलं नव्हतं. लक्ष्मीबाईनं किटली पालथी केली आणि पुन्हा राख घेतली. एकच किटली तिनं दोनदा घासली.

मधल्या दिवसांत तिनं भुरीचं दूध वाढवायचा खटाटोप केला. दुसरं तिला काही सुचलं नाही. ऊन चढायच्या आत ती विळा घेऊन नाल्याकाठी जायची. तिथं सुबाभळीची चार झाडं अजून हिरवी होती. खालचा पाला शेळ्यांनी ओरबाडलेला, म्हणून ती फांदीला लोंबकळायची, फांदी खाली आली की एका हातानं धरून दुसऱ्या हातानं कापायची. भारा डोक्यावर घेऊन माळ चढताना मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, डोळ्यांपुढं पिवळं दिसायचं. पायातली चप्पल तापून तळव्याला चिकटायची. एकदा विळा निसटला आणि अंगठ्याजवळ खोल लागलं. तिनं चिंधी बांधली आणि भारा पुरा केला.

सरकीची पेंडही ती वाढवून घालू लागली. भुरी सगळं खायची, आंबोणाचं टोपलं चाटून पुसून घ्यायची, आणि धारेला बसलं की तेवढंच दूध द्यायची. म्हैस काही आठवड्याभरात ऐकत नाही.

एका संध्याकाळी जेवताना तिनं विषय काढून पाहिला.

"म्हशी कमी द्यायल्यात. थोडी घरं सोडून द्या की."

"घर सोडायचं नसतं," फकिरा म्हणाला. "आपुन एक सोडलं का शेजारचं आपल्या पायानं बाटलीवाल्याकडं जातं."

"मंग रविवारी..."

"रविवारी काय?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं. तोंडल्याच्या भाजीत हात तसाच, नजर सरळ. "काय नाय," ती म्हणाली. "ठसका लागला."

बन्सीचा गोठा त्यांच्या गोठ्याला लागूनच होता. मधली भिंत छातीएवढी. बन्सी फकिराच्या चुलत्याचा मुलगा, वयानं लहान, त्याचाही रतीब त्याच कॉलनीत, मागच्या गल्लीत. त्याची बायको चंपाबाई आणि लक्ष्मीबाई टँकरवर सोबत जायच्या. शुक्रवारी टँकर उशिरा आला. दोघी ड्रमच्या सावलीला टेकून बसल्या होत्या.

"आक्का," चंपाबाई म्हणाली, "तुमी काय करनार रविवारी?"

"काय करायचं? हाये ते न्यायचं."

"आमचे हे म्हनत्यात, त्या दिवशी थोडं कमी घालू. सपशेल बंद केलं तर घरं कशी पुरायची?"

लक्ष्मीबाईच्या तोंडून निघून गेलं, "तुमी घालता?"

चंपाबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. मग हसली. तोंडाशी पदर धरून, आवाज न करता हसली.

"नाय बाई," ती म्हणाली. "आमी फकस्त निरसं देत नाय."

टँकरचा पाइप सुटला आणि बाया कळश्या घेऊन धावल्या. लक्ष्मीबाई उठली नाही. तिची कळशी चंपाबाईनंच भरून आणली आणि तिच्या पायाशी ठेवली.

रविवारी पहाटे फकिरानं चरवी दिली आणि तो बाहेर गेला. लक्ष्मीबाईनं दूध गाळलं. एक किटली भरली, दुसरीच्या बुडाशी थोडंसंच उरलं. तांब्या भरलेला होता. तिनं बोटं बुडवली, काढली, पदराला पुसली. मग भुरीच्या कासेकडं पाहिलं आणि पुन्हा बुडवली. चार थेंब. मशिनीला तेही कळतात का, कुणाला ठाऊक. तांब्यातलं बाकीचं पाणी तिनं रेडकापुढं ओतलं.

फकिरा आत आला. त्यानं एक किटली उचलली, मग दुसरी. दुसरी उचलताना त्याच्या तोंडावरचं काहीच हललं नाही.

"तू बी चल," तो म्हणाला.

"मी कशाला?"

"चल. आशाबाई नेहमी इचारत्यात तुला. ती दिवाळीची साडी नेस."

दोन किटल्यांच्या मध्ये पाय आखडून, फकिराच्या खांद्याला धरून ती पडेगावला गेली. कॉलनीच्या गेटवर मांडव नव्हता एवढंच, बाकी लग्नासारखी गर्दी होती. टेबलावर पांढरं कापड, त्यावर काचेच्या बाटल्या, मध्ये ती डबी. ऋतुराज नावाचा मुलगा दाढी कोरलेला, गोरापान, सगळ्यांना काका-काकू म्हणत होता. आशाबाई पहिल्या गल्लीतल्या. फकिराचा रतीब त्यांच्याच घरापासून सुरू झालेला. त्यांनी लक्ष्मीबाईसाठी खुर्ची मागवली. लक्ष्मीबाई गेटच्या कट्ट्यावर टेकली.

"माहं पहिलं," फकिरा म्हणाला.

मुलानं किटलीतून लहान पेल्यात दूध काढलं आणि पेला डबीच्या नळीखाली धरला. डबी गुणगुणली. नळीतून दूध वर चढताना दिसत होतं. गेटवरची माणसं पुढं सरकली. लक्ष्मीबाईला धास्ती होती ती त्या चार थेंबांची. मग आकडे आले. मुलानं ते वाचले, बटण दाबून पुन्हा एकदा नळी बुडवली, पुन्हा वाचले.

"फॅट मस्त आहे काका," तो म्हणाला. आवाज जरा उतरला होता. "पाणी शून्य."

टाळ्या पडल्या. आशाबाई म्हणाल्या, "मी सांगत नव्हते? फकिराचं दूध म्हणजे फकिराचं दूध!" फकिरानं टोपी काढून पुन्हा घातली.

त्यानंतर बन्सीचा पेला लागला. डबी तशीच गुणगुणली.

"पाणी अकरा टक्के," मुलगा म्हणाला. या वेळी त्यानं दुसऱ्यांदा नळी बुडवली नाही.

लक्ष्मीबाईनं शाळा पाहिलेली नव्हती, पण किटलीत किती तांबे मावतात हे तिला माहीत होतं. शंभरात अकरा म्हणजे किती, तेही तिला तिथं कट्ट्यावर बसल्या बसल्या कळलं. आपला आकडा याच्या चौपट आला असता.

"काय रे बन्सी," फकिरा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "म्हैस पाळली का विहीर?"

लोक हसले. मागून कोणी म्हणालं, "विहीर नाही, बोअर!" पुन्हा हसले. बन्सीही हसायला लागला, दुसरं करण्यासारखं काही नसल्यासारखा. "उन्हाळा हाये साहेब," तो म्हणाला, "म्हैस बी लई पाणी पिती." त्यावर तर जास्तच हसू आलं.

मग त्यानं खांद्यावरचा पंचा काढला आणि किटलीच्या गळ्याशी सांडलेलं दूध पुसायला लागला. पुसता पुसता त्यानं मान वर केली. फकिराकडं नाही, तिच्याकडं पाहिलं. छातीएवढ्या भिंतीपलीकडं तो रोज पहाटे धारा काढायचा. पाटावरून उठला की त्याला त्यांचा हौद सरळ दिसायचा, हौदावर वाकणारी बाईही दिसायची. त्यानं पाहिलं आणि मान खाली घातली.

लक्ष्मीबाईला वाटलं, याच्यापेक्षा यानं बोट दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

"आता आमच्या मागच्या गल्लीचं कसं?" एक बाई विचारत होती.

"फकिरा बघेल," आशाबाई म्हणाल्या. "बघशील ना रे?"

"बघतो की," फकिरा म्हणाला.

ऋतुराजनं तोवर स्वतःला सावरलं होतं. "काका, तुम्ही आमच्याच कंपनीला दूध घाला ना," तो हसत म्हणाला. "चला, एक फोटो होऊन जाऊ द्या. काकू, तुम्ही पण. किटली हातात धरा. अशी. काकू, जरा स्माइल."

लक्ष्मीबाईनं किटली छातीशी धरली. चिंधी बांधलेला अंगठा तिनं बोटांमागं लपवला. मुलगा "अजून, अजून" म्हणत होता, आणि ती हसली. पलीकडं बन्सी आपल्या किटल्या मोटारसायकलला अडकवत होता. एक कडी लागेना, तो ती पुन्हा पुन्हा लावत होता.

त्या दिवशी दुसरी गल्ली अर्धी व्हायच्या आतच दूध संपलं. "आज गेटवर सांडलं थोडं," फकिरा दारोदार सांगत गेला. लोकांनी ऐकून घेतलं. आज त्याचं सगळंच लोक ऐकून घेत होते.

घरी येऊन लक्ष्मीबाईनं साडी बदलली, चूल पेटवली, भाकरी थापल्या. फकिरा जेवायला बसला तेव्हा तिनं विचारलं,

"दूध कुठून आनायचं?"

"कशाचं?"

"बन्सी भाऊजींच्या घरांचं. आपल्याच घरायला आज पुरलं नाय."

"पुरंल की."

"कसं पुरंल?"

"ते पोरगं रोज थोडंच बसनार हाये? रविवारच्या रविवारी येनार. म्या इचारून घेतलं." त्यानं भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला. "रविवार सोडला का बाकीचे दिवस आपलेच. तू बघशील. आजवर बघत आलीस की."

लक्ष्मीबाईनं तव्यावरची भाकरी उलटली नाही. ती करपली, धूर निघाला, तेव्हा तिनं ती हातानंच ओढून काढली.

"तुमाला ठाऊक व्हतं?"

"ठाऊक आसायला काय झालं?" फकिरा म्हणाला. तो चिडला नव्हता. चांगल्या जेवणानंतर माणूस बोलतो तसं बोलत होता. "एक म्हैस आटली तरी किटली भरती, हे कळाया मशीन लागतं व्हय?"

"मंग भर गेटवर माहं पहिलं घाल म्हनलात ते?"

"तू त्या दिवशी घालनार नाय, हे बी ठाऊक व्हतं." तो हसला आणि त्या हसण्यात कौतुकच होतं. "तुहा जीव केवढा, मला म्हाईत नाय का? भिऊन आठवडाभर पाला व्हायलीस. म्या समदं बघत व्हतो."

चुलीतलं लाकूड तिनं मागं ओढलं. जाळ कमी झाला. इतकी वर्षं तिला वाटत होतं, दोष आपला एकटीचा आहे. एखादं दुखणं नवऱ्यापासून लपवावं तसा तो तिनं लपवला होता. रात्री अंग टेकताना एवढीच एक गोष्ट बरी वाटायची की घरात निदान एक माणूस स्वच्छ आहे, त्याचा शब्द तरी खरा आहे. आज कळलं की तो शब्द खरा ठेवायला रोज पहाटे हौदावर तीच वाकत होती.

"बन्सी भाऊजी बोलले नाईत," ती म्हणाली. "त्यांच्या गोठ्यातून आपला हौद दिसतो. त्यायला समदं म्हाईत हाये."

फकिराचा घास क्षणभर थांबला. मग त्यानं तो गिळला.

"बाईमानसाचं नाव घेईल व्हय तो चारचौघांत? तसा नाय तो." हात धुता धुता तो म्हणाला, "मानूस चांगला हाये बन्सी."

संध्याकाळी बन्सी किटल्या घेऊन दारावरून गेला. पायीच. आता त्याचं दूध गावच्या डेअरीत जायचं होतं, तिथं पायी जाता येतं. लक्ष्मीबाई अंगणात शेण गोळा करत होती. तो जवळ आला तशी ती वाकून राहिली, त्याच्या चपलांचा आवाज पार वळणापर्यंत जाईस्तोवर तिनं कंबर सरळ केली नाही. ओसरीवर फकिरा दोघाचौघांना फोन दाखवत बसला होता. "हे बघा," तो सांगत होता, "आख्ख्या कॉलनीच्या ग्रुपवर फिरतंय." एक म्हातारा फोन डोळ्यांपाशी नेऊन म्हणाला, "वहिनी लई खुशीत दिसतीय." लक्ष्मीबाईनं शेणाचा पो हातात घेतला होता, तो पुन्हा जमिनीवर ठेवला आणि ती गोठ्यात जाऊन बसली. भुरी रवंथ करत होती. तिच्या अंगाला गरम वास होता.

सोमवारी पहाटे फकिरानं धारा काढल्या. चरवी देताना म्हणाला, "मागच्या गल्लीची घरं आजपासून हायेत बरं." आणि फडकं घेऊन मोटारसायकलकडं गेला.

लक्ष्मीबाईनं दूध गाळलं. एक किटली भरली. दुसरीच्या बुडाशी जेवढं कालचं होतं तेवढंच आज होतं. तिनं ते दोन्हींत सारखं करून पाहिलं. दोन्ही अर्ध्याला जरा वर राहिल्या. मग तिनं झाकणं लावली. हौदाकडं ती गेली नाही. बोटंही बुडवली नाहीत. झाकण लावलेला हात थोडा वेळ तसाच राहिला. भुरीची कास उद्या सुजली, सड चिरले तर? या घरात आल्यापासून तिनं एकही दिवस निरसं दूध उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नव्हतं. भुरी मान हलवून माशी उडवत होती. लक्ष्मीबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथंच उभी राहिली.

"झालं का?" फकिरानं बाहेरून विचारलं.

"झालं."

तो आला, किटलीच्या कडीला हात घातला आणि रोजच्या जोरानं उचलली. किटली हलकी होती. ती एकदम वर आली आणि त्याच्या गुडघ्यावर आपटली.

"हे काय?"

"दूध."

"घरं दुप्पट झाल्यात. सांगितलं ना तुला?"

"सांगितलं."

तो तिच्याकडं बघत राहिला. मग हौदावर गेला, तांब्या बुडवून भरला आणि तिच्यापुढं धरला. पाणी काठावरून त्याच्या मनगटावर सांडत होतं.

"घाल."

"तुमीच घाला."

"बाईच्या हाताचं लागतं. तुला काय सांगायचं आता?"

"भुरीला तुमचा हात वळखीचा हाये. रोज धारा तुमीच काढता."

फकिरानं एका हातानं किटलीचं झाकण काढलं. तांब्या किटलीच्या तोंडावर नेला. वाकवला. पाण्याची धार सुटायच्या बेतात होती. तांब्याच्या काठाशी पाणी फुगून आलं, तिथंच थरथरलं. शेजारच्या भिंतीपलीकडं चरवीत धार पडल्याचा आवाज येत होता. बन्सी धारेला बसला होता. फकिराची मान त्या बाजूला वळली. भिंतीवरून बन्सीची फक्त टोपी दिसत होती. टोपी वर झाली नाही. धारेचा आवाज मात्र थांबला.

फकिरानं तांब्या सरळ केला. इकडं तिकडं पाहिलं, कुठं ठेवावा ते त्याला सुचेना. शेवटी तो हौदाच्या काठावर ठेवला.

"तू मला कॉलनीत बेइज्जत करशील," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"व्हय," लक्ष्मीबाई म्हणाली.

त्यानं किटल्या अडकवल्या. रोज एका किकमध्ये लागणारी मोटारसायकल आज चार किक मारल्यावर लागली. तो निघाला. भरलेली किटली बोलत नाही. अर्धी किटली वाटभर बोलते. अंगणातल्या खळग्यातून गाडी गेली आणि दूध आत डचमळलं, झाकणं वाजली, कड्या खणखणल्या. बन्सीच्या दारावरून तो आवाज गेला, मारुतीच्या पारावरून गेला. सडा टाकणाऱ्या बाया हात थांबवून बघायला लागल्या. फकिरानं वेग कमी केला तर आवाज कमी होईना, वाढवला तर आणखीच वाढला. वळणापर्यंत तो ऐकू येत होता.

चंपाबाई खराटा घेऊन दारात आली होती. तिनं वळणाकडं पाहिलं, मग लक्ष्मीबाईकडं. या वेळी ती हसली नाही.

"आक्का," ती म्हणाली, "आज कमी हाये का दूध?"

लक्ष्मीबाईच्या कपाळावर घाम आला होता. तो तिनं पुसला नाही.

"आज नाय," ती म्हणाली. "लई दिवसांपासून कमीच हाये."